जनीमावशी दुबईला गेली

माजिवड्याला रस्त्याकडेला मासे विकणाऱ्या जनीमावशीने एक नियम जन्मभर पाळला. अनोळखी माणसाने "जनी कोण?" विचारलं, की "ती आज आली नाय" म्हणायचं. पालिकेचा माणूस दंडाची पावती फाडतो, ती नाव कळल्यावरच.

लेकीचं, दक्षताचं, दुबईत बाळंतपण तोंडावर आलं आणि मावशीच्या पासपोर्टची मुदत नेमकी संपलेली निघाली. घाईघाईने अर्ज केला. पोलिसांची चौकशी तेवढी राहिली.

शेजारच्या डोरोथीने बजावलं, "पोलीस आले की खोटं बोलू नको हां."

"मी कशाला बोलू खोटं?" मावशी फणकारली आणि नवं लुगडं नेसून उंबऱ्यात वाट बघत बसली.

दुपारी साध्या शर्टातला एक माणूस कागद घेऊन आला. "जनी कोळी इथेच राहतात?"

"नाय बा. ती गेली दुबईला."

"पासपोर्टशिवाय?" हवालदाराने विचारलं.

मावशीने जीभ चावली. "साहेब, मीच जनी!"

"मग दुबईला कोण गेलंय?"

"माझा जीव गेलाय ओ पुढे. अंग तेवढं हितं राहिलंय, त्याला पाठवा."