मातीचा स्वभाव सांगणारा

नव्वदच्या दशकात बडोद्याला सुभानपुऱ्यात आमच्या शेजारच्या काकींनी निवृत्तीची सगळी पुंजी घालून नवे घर घेतले. वर्षभरात भिंतींना भेगा पडल्या. तक्रार केल्यावर बिल्डरने एक भूशास्त्रज्ञ पाठवला. त्याचे नाव मी विचारले नाही.

तो भेगेकडे पाठ करून बसला आणि त्याने चहासोबतची खारी हातात घेतली. "खडक झिजून चिकणमाती होते, तिला असेच पापुद्रे असतात. मध्ये पाणी शिरलं की ती फुगते." खारी चहात बुडवून त्याने ते दाखवले आणि खाऊन टाकली. "त्यात प्रत्येक जागची माती निराळी. कुठे लोह जास्त, कुठे सोडियम. बिल्डर बिचारा काय करणार?"

मातीत जेवढे फरक त्याला ठाऊक होते, तेवढ्याच सबबी त्याच्यापाशी होत्या.

"पण भाई, हे पाया घालण्याआधी कळत नाही का?" काकींनी विचारले.

"कळतं ना. पण तपासायला वेळ लागतो, आणि बुकिंग सुरू झालं होतं."

"तुमचं घर कुठल्या मातीवर आहे?"

बशीतला चुरा बोटाने टिपत तो म्हणाला, "मी भाड्यानं राहतो, काकी. चिकणमातीवर पीएच.डी. आहे माझी."