स्लॅबमधला जादा पाइप

ही गोष्ट सांगायचं मी गेली काही वर्षं टाळत आलो. घरातल्या इंटरनेटचं कुणी कौतुक केलं की मी निमित्त काढून अंगणात जातो. ते कौतुक माझं नाही.

निवृत्त झाल्यावर सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला आम्ही घर बांधायला काढलं. वायरिंगचं काम एका चाचांकडे होतं. वयाने माझ्याएवढेच, मोहोळहून रोज एसटीने यायचे. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो, तर त्यांनी सळयांना एक जादा पाइप बांधलेला. नकाशात तो नव्हता.

"हा कशाला, चाचा?"

"नेटची वायर जाईल की ह्यातनं. हॉलमधनं वरच्या मागच्या खोलीत."

"आता सगळं वायफायवर चालतं. वायर कोण ओढत बसतंय?"

"वायफाय स्लॅबमधनं किती जातंय, साहेब? मोकळा पाइप टाकून ठिवू. लागला तर लागला. नंतर काय स्लॅब फोडणार हाय का?"

शेजारी उभा असलेला गवंडी हसला. "चाचा, साहेबांचीच शिकवणी घ्या आता."

सरकारी कचेरीत आयुष्यभर लोकांनी माझं मुकाट ऐकलेलं. ते हसणं मला सोसलं नाही. "काढ तो पाइप," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "घर माझं आहे का तुझं?"

चाचा पक्कड घेऊन पाइपाशी वाकले, आणि तो काढला का ते न बघताच मी खाली उतरलो. स्लॅब झाल्यावर पुढचं काम मी दुसऱ्या वायरमनला दिलं. चाचांना तसं तोंडावर सांगितलंही नाही. गवंड्याकरवी निरोप धाडला.

घर झालं. मुलगा, सून आणि नात पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. सुनेची नोकरी घरून करायची, आणि तिला निवांत बसायला वरची मागची खोलीच काय ती होती. राउटर खाली हॉलमध्ये. जिन्यात आणखी एक यंत्र लावून पाहिलं, तरी वर नेट पोचेना.

एके दिवशी ती खाली येऊन म्हणाली, "बाबा, आज तिसऱ्यांदा मीटिंग तुटली. असंच चाललं तर कंपनीवाले पुण्याला परत बोलावतील." नातीला इथल्या शाळेत घातलं होतं. माझ्या बायकोने त्या रात्री नीट जेवणही केलं नाही.

वायरमनला बोलावलं. त्याने हॉलच्या छतातलं एक कोरं झाकण उघडलं, आतला कागदाचा बोळा उपसला आणि शिट्टी वाजवली. मागे मोकळा पाइप होता, थेट वरच्या खोलीत निघणारा. केबल बांधून ओढायला त्यात बारीक तारसुद्धा घालून ठेवलेली.

"हे कुणी करून ठेवलं हो?" त्याने विचारलं.

सून शिडी धरून उभी होती. मी म्हणालो, "मीच टाकून घेतला होता."

अर्ध्या तासात केबल वर गेली. सुनेची नोकरी टिकली, नातीची शाळा सुटली नाही. आजही दुपारी वरून सुनेचा बोलण्याचा आवाज येतो, खाली नात दप्तर टाकून आजीशी भांडत असते, आणि मी मनातल्या मनात चाचांचे आभार मानतो. सून मात्र पाहुण्यांना सांगते, "आमच्या बाबांनी किती पुढचा विचार केला होता बघा."

मागच्या वर्षी मोहोळला त्यांच्या घरी गेलो. हात थरथरतो म्हणून त्यांनी काम सोडलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "वरच्या खोलीत नेट येतंय न्हवं, साहेब?"

"येतंय."

"मग झालं की." आणि आतल्या बाजूला बघून बायकोला म्हणाले, "चहा टाक गं, सोलापूरचे साहेब आलेत. ह्यांचं घर लई झ्याक हाय."

मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतरही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून उठलो. म्हणायचं होतं ते एवढंच: चाचा, तो पाइप तुमचा. मी चारचौघांत तुमचा अपमान केला, तुम्हाला कामावरून काढलं, आणि तुमच्या शहाणपणावर माझ्याच घरात शहाणा म्हणवून घेतलं. माझं चुकलं. मला माफ करा.