मार्करचे डोळे

मोठ्या मायचा तो फोटो स्टेटसवरून काढा.

सकाळपासून अर्ध्या गावानं तोच टाकलाय. पुण्याच्या मेळ्यातला. टेबलामागं बसली आहे, हातात भुलाबाई, मागं दिव्यांची माळ. खाली फुलं आणि जोडलेले हात.

लोक लिहितात, 'गावाची कला पुण्यात नेली.'

नेली मीच. कशी नेली ते आज लिहितो. ती होती तोवर हिंमत झाली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. यमुनाबाई म्हणजे माझ्या मोठ्या बाबाची, थोरल्या काकाची बायको, माझी मोठी माय. आमचं कुंभाराचं घर, धामणगाव बढ्याच्या पलीकडं. दर वर्षी ती मातीच्या भुलाबाई करायची. भुलाबाई, भुलोजी, मांडीवर गणपती. पोरी कोजागिरीपर्यंत त्यांच्यापुढं गाणी म्हणायच्या आणि मग भुलाबाईला सासरी पाठवायच्या.

चुना, गेरू, हिरवा, पिवळा, सगळं रंगवून ठेवायची.

डोळे मात्र नाही. डोळे गिऱ्हाईक आल्यावर.

"कोणासाठी नेतं व?"
"माह्या पूजीसाठी."
"मंग पूजीले आण. बस व पूजे, अशी समोर बस."

पोरीकडं बघत बघत काडीनं काजळाचे डोळे आखायची. पोरीला वाटायचं, भुलाबाई आपल्याकडंच बघते.

मग बाजारात साच्यातल्या आल्या. प्लास्टरच्या, चकचकीत, डोळे रेडी. गावानं त्या घेतल्या. आज ज्यांचे स्टेटस आहेत त्यांनी पण घेतल्या. नावं घेत नाही. टीव्हीजवळ बघा, अजून बसलेल्या असतील.

मी सातवीत शाळा सोडली, चाक पण सोडलं. सुरत, नगर, आता पुणे. एका जागी बूड टेकत नाही माझं. सध्या मंडपवाल्याकडं आहे. दिवाळीच्या आधी हातानं केलेल्या वस्तूंचा मेळा भरतो, त्याचे स्टॉल आम्ही ठोकतो.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचा तो मेळा. टोपल्या, गोधड्या, पणत्या, कागदाचे कंदील. लोक कुणाकुणासाठी गिफ्ट घेतात. मडकं बोटानं वाजवून बघतात. काम झालं की मी पण हिंडायचो. वाटायचं, मोठ्या मायचं इथं हातोहात जाईल.

गेल्या वर्षी एक टेबल रिकामं राहिलं. मी फोन केला.

"कोजागिरीच्या आंधी हाय ना रे, गज्या?"
"हाव. आंधीच हाय."

मेळा कोजागिरीनंतर होता. खरं सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

कुटाराच्या भुशात जोड्या भरून, एक खोकं मांडीवर आणि एक पायाशी घेऊन ती एसटीनं आली. मी सांगितलं, पाऊस आला, मेळा पुढं गेला.

पाऊस आला नव्हता.

कोजागिरी तिनं माझ्या पत्र्याच्या खोलीत काढली. मेळ्याच्या दिवशी टेबल छान मांडलं, पण डोळे आखेना.

"कोजागिरी झाली. भुलाबाई सासरी गेली. आता कोणासाठी आखू?"

एक मॅडम आली. "किती स्वीट! पण डोळे का नाहीत?"
मोठी माय म्हणाली, "पुढल्या साली या. पोरीले घेऊन या."
मॅडम हसली आणि पुढच्या स्टॉलवर गेली.

अशा कितीतरी गेल्या. माझं डोकं तापलं. सगळ्यांसमोर बोललो तिला.

"इथं कोण तिथी पाह्यते व, मोठे माय? तुह्या गावातलं गावात ठेव ना!"

तिनं पदर सावरला आणि पाणी प्यायला गेली.

माझ्या खिशात मार्कर होता. स्टॉलवर नंबर टाकायचा.

मी डोळे आखले. घाईघाईत. एक मोठा, एक बारका. अजून सगळे झाले नव्हते तर गिऱ्हाईक उभं.
"अरे वा, आता कसं छान दिसतंय!"

एकेक जोडी गिफ्टच्या पिशवीत जायला लागली.

ती बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा टेबलावर एकच उरली होती. तिनं उचलली. डोळ्यांकडं बघितलं. तेवढ्यात मेळ्याचा फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडे बघा!"

हाच तो फोटो.

कुणीतरी लिहिलंय, 'चेहऱ्यावर किती समाधान.' नीट बघा ना. हसते आहे का ती?

फोटोवाला गेल्यावर तिनं मला विचारलं,

"काऊन केलं रे, गज्या?"

एवढंच. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा तिनं माती भिजवलीच नाही. एक-दोन पोरी गेल्या होत्या घरी, त्यांना म्हणाली हात दुखतात. तुम्ही म्हणालात, पुणं पाहून आली, आता कशाला करते. भाकरी तर कालपर्यंत थापत होती. हात नव्हते दुखत.

आज फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. यंदाच्या मेळ्याचा फ्लेक्स बांधत होतो. फ्लेक्सवर तीच. तोच फोटो, माझ्या खोलीच्या भिंतीएवढा. आणि ते मार्करचे डोळे, एक मोठा, एक बारका.

मालक म्हणाला, सुट्टी मेळा उठल्यावर.

बांधला मी फ्लेक्स. गाठ पण पक्की मारली.

खोलीत पलंगाखाली एक जोडी आहे. गेल्या कोजागिरीला तिनं ती खोक्यातून बाजूला काढून ठेवली होती. तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं, खुशीत होती.

"हे विकाची नाई. तुह्या पोरीसाठी. तुले पोरगी झाली का मी येईन, तिले समोर बसवीन, मंग आखीन."

ती जोडी तशीच राहील. पोरगी झाली तर तिला तशीच देईन. डोळे का नाहीत विचारलं, तर हे सगळं सांगेन.

मोठे माय, मातीले आलो नाई. चुकलो.
राम राम.