रेघेखालची खोली

महाडात पूर ओसरला की माणसं एकमेकांना ‘बरे आहात ना’ हे नंतर विचारतात. आधी विचारतात, “पाणी कुठवर आलं होतं?” त्याचं उत्तर कुणी फुटाइंचांत देत नाही. हात आपोआप अंगावर जातो. गुडघा, मांडी, कंबर, छाती. मी इथल्या बाजारपेठेत जन्मले, इथंच वाढले आणि लग्न झाल्यावरही गावातल्या गावात चार गल्ल्या पलीकडे राहायला आले. त्यामुळे ही बाराखडी मला शाळेच्या आधीच पाठ झाली. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी माझ्या खांद्याला लागलं होतं. पाणी गेलं, गाळ गेला, पण भिंतीवर रेघ राहिली. वरून दोनदा रंग दिला तरी ओल धरली की ती पुन्हा दिसते.

माझा नवरा मात्र डोंगरावरचा. पोलादपूरच्या वर त्याची वाडी आहे, सात-आठ घरं आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. तिथं पाणी चढत नाही, तिथं भीती दरडीची. तो मला चिडवतो, “तुम्ही महाडकर पावसाळ्यात संसार करता की मुक्काम?” मी म्हणते, बोला, बोला. घाटावरनं पाणी उतरून सावित्री फुगली की आधी फ्रिज कोण उचलतं ते कळेल. उचलतो तोच, ते सोडा.

तर गोष्ट खोलीची. लेक दुसरीत होती तेव्हा मी ठरवलं, हिला स्वतःची खोली द्यायची. वर आमची एकच खोली, आणि पावसाळ्यात सगळ्या घराचं सामान तिथंच रचलेलं असतं. खाली स्वयंपाकघरामागे एक खोली अडगळीला पडून होती. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा पेरू, दुपारपर्यंत छान उजेड. तीच द्यायची ठरली.

माझ्या लहानपणी मला खोली वगैरे काही नव्हती, पण भातुकली होती. लाकडी, लाल-पिवळी, बाबांनी आणलेली. पलंगाखाली एका टोपलीत ठेवायची मी ती. एका पावसाळ्यात पेठेत पाणी शिरलं आणि मोठी माणसं धान्य, कागद, देव उचलण्यात गुंतली. भातुकली कुणाच्या लक्षात येणार? पाणी ओसरल्यावर पोळपाट तेवढा गटाराच्या तोंडाशी सापडला. बाबा म्हणाले, नवी आणू. ती आलीच नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. हसा खुशाल, चाळिशी आली तरी वाटतं. म्हणून मी मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या लेकीची एकही वस्तू पाण्याला द्यायची नाही.

सुताराला बोलावलं. तो दारात चप्पल काढतो न काढतो तोच विचारता झाला, “ताई, रेघ कुठाय?” महाडचा सुतार तो! मी दाराआड दाखवली. त्यानं टेप काढली आणि मापं घेतली ती रेघेपासून वर. जमिनीपासून एकही नाही. पुस्तकांची फळी रेघेच्या वर. खेळण्यांचं कपाट वर. कपडे अडकवायच्या खुंट्या वर. दिव्याची बटणं तर मोठ्या पुरानंतर सगळ्या गावानंच वर घेतली आहेत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यालाही नाही. उलट जाताना म्हणाला, “आता किती येऊ दे, बिनघोर राहा.” मी त्याला खूश होऊन दुसऱ्यांदा चहा दिला.

रंगाचंही तसंच. चवदार तळ्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून मी रंग आणले. ते मार्चचे दिवस होते, तळ्यावर लांबलांबून माणसं आलेली. आमचा रंगारी तिथं आलेल्या माणसांना पाणी द्यायला उभा होता, म्हणून काम थोडं लांबलं. मग आला तो मन लावून करून गेला. रेघेच्या वर पिस्ता रंग, त्यावर मी ढग, चंद्र, फुगे चिकटवले. रेघेच्या खाली तपकिरी ऑइलपेंट. का, तर गाळ लागला तर दिसायला नको, आणि फडक्यानं पुसता यावा. पलंग लोखंडी, धुवून निघेल असा. खोली झाली आणि मी दारात उभी राहून पाहिली. अगदी मासिकातल्यासारखी! जी बाई घरी येईल तिला मी आधी खोली दाखवायची आणि मग पाणी विचारायचं, असं चाललं होतं माझं.

लेकीनं खोली पाहिली. फिरली, पलंगावर बसली, उतरली. रात्री उशी घेऊन वर आमच्यात येऊन झोपली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, सवय नाही. आठवडाभर तेच. अभ्यास स्वयंपाकघरात ओट्याखाली पाटावर, खेळणं जिन्यात, झोपणं आमच्या मधे. माझ्या नाकावर राग असतोच, तो आता डोक्यात गेला. एवढे कष्ट केले आणि बाईसाहेबांना पसंत नाही! “तुझी खोली आहे ना गं ती? मग जात का नाहीस?” मी ओरडलेच.

ती शांतपणे म्हणाली, “ती माझी नाही. पाण्याची आहे.”

“म्हणजे काय?”

“पाणी येईल तेव्हा झोपेल तिथं. त्याच्यासाठीच केलीय ना तू?”

शेफारलीस, एवढं म्हणून मी भांडी घासायला घेतली आणि ती जरा आपटूनच घासली. पण बोल लागला होता. मनात येत राहिलं, ही काय बोलून गेली.

त्याच आठवड्यात सासूबाई वाडीवरून उतरल्या. वर्षातून एकदा येतात, येताना खरवसाचा चीक आणि कडवे वाल आणतात, आणि चार दिवसांत त्यांना म्हशींची आठवण येते की लगेच निघतात. मी त्यांनाही खोली दाखवली. त्या वर बघत म्हणाल्या, “बरी हाय.” मग लेकीला म्हणाल्या, “ती भावली काढ गो तुझी, बघू.” लेकीनं खुर्ची ओढली, खुर्चीवर पाट ठेवला, त्यावर चढून टाचा उंचावल्या, तरी हात सगळ्यात वरच्या फळीला पोचेना. मी धावत जाऊन तिला धरलं.

“पोरगी काय वांदर हाय काय?” सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “अहो आई, पाणी येतं ना इथं. वरच ठेवावं लागतं.”

“पाणी काय रोज येतं? पोर रोज हाय.” एवढं बोलून त्यांनी तिथंच जमिनीवर बैठक मारली, पदर खोचला आणि भिजवलेले वाल सोलायला घेतले. माझ्याही पुढ्यात थोडे सरकवले. म्हणून मीही बसले.

बसले आणि पाहिलं, तर चारी बाजूंना नुसता तपकिरी रंग. ढग नाहीत, चंद्र नाही. मान मागे टाकली तेव्हा कुठे एका फुग्याचं बूड दिसलं. लेक शेजारी उभी होती, तिचं डोकं रेघेच्या कितीतरी खाली. जे काही सुंदर होतं ते सगळं मी माझ्या डोळ्यांसमोर लावलं होतं आणि पोरीला गाळाच्या रंगात उभं केलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की वाल सोलता सोलता डोळे भरून आले. सासूबाईंना वाटलं, मला माहेरची आठवण आली. माहेर चार गल्ल्यांवर! मी त्यांना तसंच वाटू दिलं.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला तशी मी म्हटलं, “फळ्या खाली घ्यायच्या.”

“आणि पाणी आलं तर?”

“डोंगरावरचे तुम्ही, तुम्ही विचारताय?”

“तुझ्यासाठी विचारतो. तुला झोप लागेल का?”

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, लागणार नाही. पण तिला तरी लागू दे.

सुताराला पुन्हा बोलावलं. तो बिचारा चक्रावला. रेघेच्या खाली फळी? त्यानं मला दोनदा विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. या वेळी मी लेकीला भिंतीला लावून उभी केली आणि म्हटलं, हिच्या हातापासून माप घ्या. कपाट, फळी, खुंट्या, सगळं तिच्या हातापाशी उतरलं. ढग मात्र खाली येईनात, ओढले की पिस्ता रंगासकट सुटायचे. म्हटलं, राहू देत, ढग वरच बरे.

मग तपकिरी भिंतीचा प्रश्न आला. मी दुसरा रंग आणायला निघाले तर लेक म्हणाली, नको. तिला त्यावर म्हशी काढायच्या होत्या. आजीच्या.

“भिंतीवर?” मी म्हटलं. माझा जीव वरखाली झाला. चांगला ऑइलपेंट तो!

सासूबाई खदखदून हसल्या. “काढू दे गो. म्हस चिखलातच शोभते.”

उरलेल्या काळ्या रंगाचा डबा होता, खिडकीच्या गजांचा. लेकीनं आणि तिच्या बापानं अख्खा रविवार घालवला. बापानं एक म्हैस काढली ती रेड्यासारखी झाली, मग पोरीनं त्याला काढायला बंदीच केली. तिनं स्वतः चार काढल्या. एकीला पाच पाय आहेत, पण मी काही बोलले नाही. शिंगं मात्र अशी ऐटबाज की काय सांगू. आजीनं जाताना पिशवीतून काढून एका म्हाताऱ्या म्हशीच्या गळ्यातली पितळी घंटा तिला दिली. ती तिनं आपल्या खुंटीवर टांगली आणि येता-जाता वाजवायला लागली. त्या रात्री ती उशी घेऊन वर आली नाही. मीच दोनदा खाली जाऊन पाहून आले, नवरा म्हणाला, “आता तू झोप.”

जुलैत ती वेळ आलीच. दोन दिवस पावसानं उसंत दिली नाही, वरंधच्या बाजूला तर आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की महाडच्या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही, जो तो कामाला लागतो. नवऱ्यानं फ्रिज स्टुलावर चढवला, सिलिंडर बांधला. मी पीठ, तांदूळ, देव, कागद उचलायला घेतले. जिन्यातून मधूनमधून घंटा ऐकू येत होती. मी चिडून ओरडले, “खेळायची वेळ आहे का ही? वर बस गप!” घंटा थांबली नाही.

गल्लीत पाणी दिसलं तेव्हा मला आठवली ती खोली. फळ्या खाली. सगळं खाली. मीच घेतलेलं. हातातला डबा तिथंच टाकून धावले.

फळ्या रिकाम्या होत्या. कपाट रिकामं, खुंट्या रिकाम्या. पलंगावर गादीसुद्धा नव्हती.

वर गेले तर आमच्या खोलीच्या कोपऱ्यात पुस्तकं, रंगपेटी, कापडी हत्ती, भावली, दप्तर, सगळं ओळीनं लावलेलं. उशीच्या अभ्र्यात भरभरून तिनं एकटीनं वर आणलं होतं, आणि दर फेरीला हातात घंटा. गादी तेवढी बापानं आणली होती. माझ्या हातून त्यातलं काहीच उचललं गेलं नव्हतं आणि काहीच राहिलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, घट्ट. ती म्हणाली, “आई, तुझे हात पिठाचे आहेत.”

“म्हशी राहिल्या गं खाली,” मी म्हटलं.

“त्यांना पोहता येतं,” ती म्हणाली. “आणि खोलीत कुणीतरी नको का?”

पाणी घरात आलं, थोडं थांबलं आणि अंधार पडायच्या आत फिरलं. सकाळी मी खराटा, बादली, फडकं घेऊन बसले. गाळ उपसला, फरशी धुतली आणि भिंतीला हात घालणार तोच लेक आडवी आली. “म्हशींचा गाळ पुसू नको. त्यांना आवडतं.” मी जन्मभर भिंतीवरच्या रेघा पुसत आले आहे. तेवढी एक मी ठेवली.

दुपारी सुतार गल्लीतून चालला होता, सवयीनं दारात थांबला. “ताई, पाणी कुठवर आलं होतं?”

माझा हात पायाकडे जाणार, तेवढ्यात लेकच आतून ओरडली, “म्हशींच्या गुडघ्यापर्यंत! या, बघा माझ्या खोलीत!”