न तपासलेले पट्टे

मचाण कुठे बांधावं हे मला माझ्या मित्राने शिकवलं. मी तेव्हा इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या ऑफिसातून निवृत्त झालो होतो आणि दिवसभर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करत होतो. मित्र माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मूळ अलिबागकडचा, मुंबईत वाढलेला मराठी ज्यू. त्याची मुलं-नातवंडं इंग्रजीच बोलतात, त्यामुळे त्याचं सगळं मराठी माझ्या वाट्याला यायचं. गावाबाहेर एका शेतकऱ्याचं जंगल आहे. तिथे हरणं नवी लावलेली रोपं कुरतडून टाकतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम तो कित्येक वर्षं रीतसर परवान्याने करत होता, आणि या कामात नव्याने येणाऱ्यांना शिकवतही होता.

पहिला महिनाभर त्याने मला बंदुकीला हात लावू दिला नाही. नुसतं चालवलं. हरणाची वाट चिखलात शोधायची, कुंपणाच्या तारेला अडकलेल्या केसांत शोधायची. कोवळ्या झाडाची साल गुडघ्याएवढ्या उंचीवर सोललेली दिसली, तर तिथे नराने शिंगं घासलीत असं समजायचं. पाचोळा बाजूला सारून केलेली अंगाएवढी मोकळी जागा म्हणजे त्याचं अंथरूण. "आधी त्याचं घर बघ," तो म्हणायचा, "मग आपलं बांध."

मचाणासाठी झाड सरळ, जिवंत आणि कमरेपेक्षा जाड हवं. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. सकाळचं ऊन डोळ्यांत येता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हरणाच्या मागे मातीचा चढ हवा, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. ज्या जागी मागे नुसतं आकाश दिसतं, ती कितीही चांगली असली तरी सोडून द्यायची.

एकदा तासभर बसूनही काही आलं नाही. लांबून एक भेकर, म्हणजे लहान जातीचं हरीण, मात्र सारखं भुंकत राहिलं. खाली उतरल्यावर मित्राने माझ्या जॅकेटचा वास घेतला.

"कुठे टांगतोस हे?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी."

"वाटलंच. अरे भटजी, तुझ्या घरी आज आमटी आहे हे त्या भेकराला कळलंय!"

तेव्हापासून जॅकेट बागेतल्या शेडमध्ये गेलं. बायकोला हा नाद कधीच आवडला नाही. तिच्या अटी दोन होत्या. मांस घरात येणार नाही, आणि श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत मी रानात पाऊल टाकणार नाही. मी दोन्ही पाळायचो. मांस शेतकऱ्याच्या टेबलावर खायचो. मित्र तेही खायचा नाही, कारण गोळीने मेलेलं जनावर त्यांच्या रीतीत बसत नाही. "मी मारतो आणि खात नाही, तू खातोस आणि कबूल करत नाहीस," तो म्हणायचा. "दोघांचेही धर्म शाबूत."

चार मचाणं होती. लोखंडी शिडी, वर बसायला फळी, आणि सगळं झाडाला धरून ठेवणारे दोन पट्टे. मचाणं वसंतात तो बांधायचा, पट्ट्यांची बकलंही तोच लावायचा. इथला उन्हाळा सप्टेंबरात संपतो, तेव्हा पट्टे तपासायचं काम माझं. झाड वाढतं, पट्टा सालीत रुततो, खारी तो कुरतडतात. म्हणून बकल न उघडता प्रत्येक पट्टा जरा सैल करायचा, त्याच्या पूर्ण लांबीवरून बोट फिरवायचं, जरा शंका आली की नवा घालायचा, मग पहिल्या पायरीवर उभं राहून सगळं हलवून पाहायचं. दोन तासांचं काम. अनंत चतुर्दशी झाली की मी ते करून टाकायचो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला. मी बायकोला विचारलं, "अधिकातला धरायचा का गं?"

"अधिकात पुण्य जास्त," ती म्हणाली.

म्हणजे माझी बंदी जुलैच्या मध्यापासून थेट सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत गेली. मित्र फोनवर हसायचा. "तुमचा एक महिना दोनदा येतो. झाडाला सांगितलंयस का, की जरा थांब म्हणून?" आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागे. ऑक्टोबर लागल्यावर त्याने सरळ विचारलं, "पट्टे पाहिलेस?" आणखी एक टोमणा नको म्हणून मी म्हटलं, "केव्हाच. झालं ते."

पुढच्या आठवड्यात जाणार होतो, हे खरं आहे. पण गुडघा दुखत होता, पाऊस लागून राहिला होता, नातवंडं सुट्टीला आली. आणि एकदा झालं म्हटल्यावर ते काम माझ्या मनातूनही होऊन गेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, तो ओढ्याकाठच्या ओकवर चढला. मी दोनशे पावलांवर दुसऱ्या झाडाखाली होतो. लोखंडाचा कर्कश आवाज आला, मग धप्प, मग काहीच नाही. धावत गेलो तेव्हा शिडी एका बाजूला वळलेली होती आणि तो ओल्या पाचोळ्यात कुशीवर पडला होता. बंदूक अजून खालीच, रिकामी. चढताना भरलेली बंदूक नको, हा त्याचाच नियम. "पाय हलत नाही रे," तो म्हणाला. ॲम्ब्युलन्सला शेताच्या वाटेने यायला पाऊण तास लागला. खुबा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी मचाण उतरवायला मी एकटा गेलो. वरचा पट्टा खोडाच्या मागच्या बाजूने अर्ध्याहून जास्त कुरतडलेला होता. एकदा बोट फिरवलं असतं तरी लागलं असतं. तो पट्टा मी गाडीत टाकला आणि घरी जाताना कौन्सिलच्या कचरा डेपोत फेकून दिला. शेतकऱ्याने विचारलं तेव्हा म्हणालो, "वरचं बकल नीट बसलं नसावं." ते बकल वसंतात मित्राने लावलेलं होतं. शेतकऱ्याने वाईट वाटून मान हलवली आणि हॉस्पिटलात त्याला तसंच सांगितलं.

त्याने ते लगेच मान्य केलं. वाद घातला नाही, मला एक प्रश्नही विचारला नाही. काठी घेऊन चालायला लागल्यावर त्याने बंदुकीचा परवाना परत केला, शिकवणं बंद केलं. "ज्याला बकल लावता येत नाही त्याने लोकांना झाडावर चढवू नये," म्हणाला. मी समोर बसून चहा पीत होतो.

त्यांच्याकडे शरदात एक मोठा उपास असतो. त्याआधी, वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागायची रीत आहे. तो दरवर्षी मला फोन करायचा. "भटजी, तुला फार छळलं. माफ कर." मी म्हणायचो, पुढच्या वर्षीचीही आत्ताच करून ठेवतो. पडल्यानंतरच्या वर्षी फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"त्या दिवशी वर तू असतास तर? माझ्या हाताने तुझा जीव गेला असता. माफ कर मला."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. केलं माफ."

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा मी माफ केलं. तिसऱ्यांदा ते ऐकण्याची ताकद माझ्यात नव्हती. इतकंच. धैर्य वगैरे काही नाही.

या एप्रिलमध्ये त्याच्या फ्लॅटवर गेलो आणि सगळं सांगितलं. पट्टे पाहिलेच नव्हते, पट्टा कुरतडलेला होता, तो मी फेकला, बकलाचं मी रचलं. तो खिडकीपाशी खुर्चीत होता.

"बकल लागलेलं होतं?"

"हो. तसंच होतं. मला ते उघडावं लागलं."

"अडीच वर्षं," तो म्हणाला, "रोज झोपताना मी ते बकल लावतोय. आवाज आठवतो का पाहतोय. वाटलं, डोकं चाललं आपलं. मुलाला सांगितलं, माझी गाडी विकून टाक."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"ते नंतर. आधी शेतकऱ्याला सांग. मी शिकवलेल्या पोरांना सांग, सगळ्यांना, एकेकाला. माझा हात नीट होता म्हणून सांग. आणि हे लिहून काढ, मराठीत, म्हणजे मला नीट वाचता येईल."

शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. त्याने दार लावून घेण्याआधी एवढंच विचारलं की माझी जंगलाच्या फाटकाची किल्ली कुठे आहे. ती मी दिली. शिकलेल्यांपैकी सातजणांना फोन केले. दोघांनी मध्येच ठेवला. एकजण ग्लासगोला असतो, तो म्हणाला की सरांना मी स्वतः फोन करतो, आणि केलाही. आठवा अजून सापडलेला नाही, शोधतो आहे.

हे लिहायला मला दोन महिने लागले. पहिल्या दोन खर्ड्यांत अधिक श्रावणावर, गुडघ्यावर आणि पावसावर फार मजकूर होता. तो काढला. कागद उद्या पोस्टाने पाठवीन. बोलावल्याशिवाय येऊ नकोस, असं त्याने सांगितलं आहे.