धोंड्यातलं घड्याळ

आमच्या घरात एक लाकडी पेटी आहे. ती दिवसभर घुंऽऽ असा आवाज करत असते. आत सात घड्याळं मखमली उशांवर बसून गोल गोल फिरतात. ही घड्याळं मनगटाच्या हालचालीवर चालतात, घातली नाहीत तर बंद पडतात, म्हणून त्यांना मशीनवर फिरवायचं. लातूरला लाइट गेली की आमच्याकडं फ्रीजच्या आधी ही पेटी इन्व्हर्टरवर जाते. माझे वडील, अण्णा, पहिल्यांदा नांदेडहून आले तेव्हा पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि विचारलं, हे कशाला फिरून राहिलं? मी म्हटलं, घालत नाहीत म्हणून. "मग घालायचं की," असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

पेटीचे मालक म्हणजे आमचे हे. लातुरात त्यांचे फिजिक्सचे क्लासेस आहेत. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी वेळेचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलतात, आणि त्या भाषणाला वीस मिनिटं उशिरा जातात. मनगटावर एवढा भारी ऐवज असताना माणूस उशिरा जातोच कसा, हे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही.

तर या सात घड्याळांची कहाणी म्हणजे सात वेळा बदललेली टेस्ट. टेस्ट, म्हणजे आवड, हा त्यांचा शब्द, मी आपलं खूळ म्हणते. क्लास नुकता चालायला लागला तेव्हा सोनेरी घड्याळांचे दिवस होते. डायल बशीएवढी, कडेनं खडे. लग्नाला गेलो की हे नमस्कार करताना डावा हात जरा जास्तच पुढं काढायचे. मग एक वर्ष अचानक कळलं की सोनं म्हणजे गावंढळपणा, आता खरे शौकीन स्टीलचं वापरतात. तेही हिरव्या डायलचं, आणि ते दुकानात गेल्यावर मिळत नाही. पुण्याला जाऊन यादीत नाव लिहून यायचं, मधल्या काळात त्याच दुकानातून नको असलेलं दुसरं काहीतरी घ्यायचं, म्हणजे दुकानदाराचा जीव तुमच्यावर बसतो. आमच्या सोयरिकीसुद्धा इतक्या मिनत्या न करता जमल्या होत्या. मग आरपार दिसणारं आलं, ज्यात वेळ सोडून सगळं दिसायचं. मग टायटॅनियम आलं, कारण ते हातात असल्याचं जाणवत नाही म्हणे. जाणवायचंच नसेल तर घालायचं कशाला, असं मी विचारलं. त्यावर दोन दिवस अबोला.

यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. हाडांचे एक डॉक्टर, एक डाळमिलवाले, एक बिल्डर आणि आणखी दोघं-तिघं. स्वित्झर्लंडमध्ये नवीन मॉडेल निघालं की इकडं लातुरात यांच्या छातीत धडधड. त्यातले हाडांचे डॉक्टर जाणकार. ते ग्रुपवर लिहितील ती टेस्ट, बाकीच्यांनी माना हलवायच्या.

आणि दोन वर्षांपूर्वी या डॉक्टरांनी जाहीर केलं की मोठ्या घड्याळांचा जमाना संपला. आता लहान पाहिजे, रोज हातानं चावी द्यायचं पाहिजे, आणि जुनं पाहिजे. जुनं म्हणजे डायल पिवळी पडलेली, आकडे विटलेले. त्याला पॅटिना म्हणतात. कंपन्याही वस्ताद; त्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची आपलीच मॉडेलं परत काढली, आणि कोऱ्या घड्याळाच्या डायलला कारखान्यातच चहाचा रंग दिला. नवीन घड्याळ, पण डागाळलेलं, आणि डागाचे पैसे वेगळे. मला तर हसून हसून ठसका लागला. माझ्या तव्यावर एकोणीस वर्षांचा पॅटिना आहे, तो का नाही कुणी मागायला येत?

पण हे हसू फार दिवस टिकलं नाही. कारण अशाच एका नव्या मॉडेलचा फोटो ग्रुपवर आला, हे त्याच्याकडं टक लावून बघत बसले आणि म्हणाले, अगं, हे तर मामांच्या हातात आहे.

मामा म्हणजे यांचे सासरे, माझे अण्णा. आयुष्यभर बसस्टँडवर कंट्रोलर होते. हदगाव, देगलूर, शेवटी नांदेड. हिमायतनगरची गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे रजिस्टरमध्ये लिहायचं काम. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली तर सातच लिहायची. ड्रायव्हरनं कितीही विनवण्या केल्या तरी पाच नाही. त्या नोंदी ज्या घड्याळावर झाल्या ते माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, लग्नात जावयाला म्हणून दिलेलं. हैदराबादहून आणलेलं, विलायती, रुपयाहून थोडं मोठं. अण्णा सकाळी आंघोळीला गेले की आई त्याला चावी द्यायची आणि खाकी शर्टाच्या घडीवर ठेवायची. चावी देताना तिच्या पाटलीचा एक ओरखडा काचेवर उठला होता, बाराच्या आकड्यापासून तीनपर्यंत. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा स्वतः चावी द्यायचे, त्याच वेळेला, तेवढेच फेरे.

यांनी मागच्या भेटीत गुपचूप त्या घड्याळाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. डॉक्टरांनी निकाल दिला की कंपनी आत्ता जी नक्कल विकते तिचं हे अस्सल मूळ, डायल हात न लावलेली, असं आता बघायलाही मिळत नाही. झालं. यांची भूक गेली. मी स्वच्छ सांगितलं, दुसरं काहीही मागा, ते मागू नका. हे म्हणाले, मी मामांना नवीन दोन घेऊन देतो. माणसाला फिजिक्स येतं म्हणून सगळंच कळतं असं नाही.

त्यात आला धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, जावयाला पुरणाचे धोंडे जेवायला बोलावतात, अनारसे आणि चांदीचं काहीतरी देतात. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. एरवी घरात ज्याला कुणी चहा विचारत नाही तोसुद्धा. आणि नारायणानं मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. आमच्या नारायणानं बरोब्बर हा मोका साधला. आठ-दहा दिवस आधी नांदेडला फोन लावला आणि गोड आवाजात सांगितलं, मामा, चांदी-बिंदी काही नको, तुमचं जुनं घड्याळ द्या, आठवण म्हणून.

मी दुसऱ्या खोलीतून अण्णांना फोन केला. म्हटलं, देऊ नका, मी बघते यांच्याकडं.  अण्णा म्हणाले, "पाव्हण्यानं तोंड उघडून मागितलं माय. धोंड्यात न्हाई कसं म्हणावं? मलाबी ते जावई म्हणूनच मिळालं होतं."  मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. राग यांचाही आला होता आणि खऱ्या नारायणाचाही.

ठरल्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो. अहमदपूर, लोहा, सगळ्या रस्त्यानं हे शीळ वाजवत होते. घरी पोचल्यावर मी हातपाय धुऊन देवघरात गेले. आईच्या फोटोपुढं वर्तमानपत्राची एक लहानशी पुडी होती, तिच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. अंगारा असेल म्हणून मी उघडली. आत चहाच्या रंगाची गोल डायल, दोन बारीक काटे आणि एक काच, बारापासून तीनपर्यंत ओरखडा असलेली. मला काही उमजलं नाही. मी पुडी होती तशी बांधून ठेवली.

जेवणं झाली. वहिनीनं धोंडे असे केले होते की यांनी नाही नाही म्हणत सहा खाल्ले. मग अण्णा नवं धोतर नेसून आले. हातात चांदीचं ताट, त्यात तेहतीस अनारसे आणि मधोमध घड्याळ. यांनी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

घड्याळ लखलखत होतं. डायल पांढरीशुभ्र, वर सोनेरी आकडे, निळे काटे, नवी काच, कडेला सोन्याचं पाणी, लाल चामड्याचा पट्टा. मागच्या बाजूला कंपनीचा नंबर होता, तोसुद्धा पॉलिशमध्ये घासून गेलेला. जावयाला द्यायची चांदी आम्ही चिंचेनं घासून देतो, तांब्या दिला तर राखेनं चकचकीत करून देतो. विटकी, डागाळलेली वस्तू ताटात ठेवणं म्हणजे जावयाचा अपमान. अण्णांनी त्याच हिशेबानं घड्याळ नांदेडातल्याच वजिराबादच्या कारागिराकडं नेलं होतं. चार हेलपाटे घातले होते उन्हात, पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसानं.

यांच्या तोंडात अनारसा होता. तो गिळायला बराच वेळ लागला.

"मामा, हे... नवीन केलं?"

मग काय, अण्णा म्हणाले. जावयाला काय जुनंपुराणं देता येतं का? कारागीर आधी तयार नव्हता, मीच बसून करून घेतलं. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की यांच्याच्यानं पुढं बोलवेना. खरं सांगते, मला त्या क्षणी यांची दयासुद्धा आली. ग्रुपवरचे डॉक्टर या घड्याळाला आता भंगार म्हणणार होते. दोन वर्षांच्या टेस्टवर एका दुपारी सोन्याचं पाणी फिरलं होतं.

पण मास्तर हुशार. एकदम काहीतरी सुचून त्यांचे डोळे चमकले. जुने सुटे भाग कारागीर परत देतात, हे त्यांना ठाऊक होतं. डायल आणि काटे मिळाले तर पुष्कळसं पूर्ववत करता आलं असतं.

"आणि ती जुनी डायल? ती कुठाय?"

 अण्णांनी यांच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, जोखलं. जो लखलखाट आपण एवढ्या मेहनतीनं करून आणला, तो त्याला नकोच होता. त्याला डाग पाहिजे होते. हे त्यांना तेव्हा कळलं. मलाही ते त्यांच्या तोंडावर कळताना दिसलं.

"ते फेकून दिलं की," अण्णा म्हणाले. "घाण ठेवून काय करायचं?"

मी अनारसे डब्यात भरायला लागले.

निघायच्या आधी अण्णा देवघरात होते. मी पाया पडायला गेले आणि पुडीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. हळूच म्हणाले, "सारी उमर गाड्यांच्या वेळा खऱ्या लिहिल्या. ही एक नोंद खोटी झाली माय. तू बोलू नको." त्यांच्या मनगटावर पट्ट्याच्या जागी पांढरा वळ होता. मी कशीबशी हसले आणि बाहेर आले.

 परतताना लोह्यापाशी यांनी गाडी बाजूला घेतली, फोन काढला आणि पुण्याच्या दुकानात त्या नव्या मॉडेलसाठी नाव लिहिलं. लखलखीत घड्याळ पेटीत ठेवायलासुद्धा तयार नव्हते, ग्रुपमधल्या कुणी बघितलं तर? मग ते मी घालते. रोज सकाळी, यांच्या चहाच्या आधी, चावी देते. पेटीतल्या सातांच्या वेळेचा एकमेकांशी मेळ नाही, हे एकटं बरोबर चालतं.

पाच महिन्यांनी यांचं घड्याळ आलं. दिवाळीला नांदेडला गेलो तेव्हा यांनी मोठ्या हौसेनं मनगट अण्णांच्या पुढं धरलं. अण्णांनी चष्मा लावला. चहाच्या रंगाची ती डायल उजेडाकडं धरून बराच वेळ निरखली.

"पाव्हणे, फसवलं तुम्हाला दुकानदारानं," ते म्हणाले. "हे डागाळलंय. ठेवा माझ्यापाशी, आठ दिवसांत पांढरंशुभ्र करून आणतो."

यांनी हात इतक्या झटकन मागं घेतला की चहा सांडला. अण्णांनी शांतपणे फडकं आणायला सांगितलं. मी फडकं आणायला आत गेले. देवघरात पुडी जागेवर होती, कुंकू त्याच सकाळी वाहिलेलं होतं.