गाठ न पडलेली पिल्लं

धुळा मेटकरी जत तालुक्यात दोन गोष्टींसाठी माहीत होता. एक त्याची कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांची पारख आणि दुसरा कधीच न निवणारा राग. होता मेंढरं राखणारा धनगर, पण त्यानं एकदा कुत्रं अस्सल म्हटलं की मिरजेपर्यंतची माणसं डोळे झाकून ते घेत. राग मात्र तो कुत्र्यांपेक्षाही जास्त जपून पाळायचा.

त्यातला सगळ्यात कडू राग लालासाहेब पाटलावर. पाटलाच्या जीपखाली धुळ्याच्या वाऱ्या कुत्र्याचे मागचे पाय सापडले, तर पाटील खाली उतरलासुद्धा नाही. "कुत्रं आडवं आलं," एवढं बोलून गेला. माळावर सशाला पळू न देणारा वाऱ्या मागून लुळा झाला आणि खोपटापुढं बसून राहू लागला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसांनाच भाकरी मिळेना, तिथं कुत्र्यांना कोण घालणार? दुष्काळ सरला तेव्हा आसपासच्या गावांत अस्सल नर उरला तो हा लुळा वाऱ्या, आणि अस्सल मादी पाटलाची हरणी. पाटील नाक मुठीत धरून धुळ्याच्या दारात आला. वाऱ्याचं बी तरी मागं राहावं म्हणून धुळ्यानंही राग गिळला.

पण लुळं कुत्रं मादीवर चढणार कसं? गाईंना सुई देऊन गाभण करणारा डॉक्टर तेव्हा नवाच आला होता. कुत्र्यालाही जमेल म्हणाला. त्यानं वाऱ्याचं बी हातानं काचेच्या भांड्यात काढलं, पिचकारीला लांब नळी लावून हरणीच्या पोटात सोडलं आणि तिचे मागचे पाय जरा वेळ वर धरायला लावले. पाटलाचे गडी खिदळत होते. आपल्या कुत्र्याची अब्रू अशी चव्हाट्यावर आलेली धुळ्याला बघवेना. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

हरणीला चार पिल्लं झाली. रीत अशी, की पहिलं पिल्लू निवडायचा मान नराच्या मालकाचा. पिल्लांचं अंगावरचं दूध सुटल्यावर धुळा पाटलाच्या सोप्यात गेला. चार माणसं बसलेली होती.

"पाटील, माजं पिल्लू न्यायला आलोय."

"कसलं पिल्लू रं?" पाटील म्हणाला. "हक्क गाठीचा असतोय. नर-मादी जोडून उभी ऱ्हायली आन चार माणसांनी बघितली, तर ती गाठ. तुज्या लुळ्यानं कवा घातली गाठ? सुईचंच म्हणशील तर डाक्टरला देतो की एक पिल्लू!"

सोपा हसण्यानं दणाणला. धुळ्याच्या अंगाची लाही लाही झाली. खांबाजवळचं एक तांबूस पिल्लू डावा कान मागं टाकून त्याच्याकडं बघत होतं. वाऱ्याची हुबेहूब सवय. त्या एका पिल्लासाठी तो या माणसाची पायरी चढला होता. त्यानं पिल्लावरची नजर काढून घेतली.

"बरं हाय," तो म्हणाला. "गाठ न्हाई तर बाप बी न्हाई. सुई वाया गेली. तुमच्या हरणीला गावातलं कुठलं तरी गावठी भेटलं आसंल. ही माज्या वाऱ्याची न्हाईत."

पाटलाचा चेहरा खर्रकन उतरला. गिऱ्हाइकं येत, धुळ्याला विचारत आणि हात हलवत परत जात. पिल्लं फुकट वाटावी लागली. धुळ्याची बायको बनाबाई कळवळून म्हणाली, "आवं, आपलं नाक कापून त्येला अपशकुन केलासा. अजून येळ हाय, खरं सांगा."

"मेलो तरी न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात वाऱ्या मेला. त्याच्यामागं धुळ्यानं कुत्रं पाळलं नाही.

दोन वर्षांनी जतच्या जत्रेत एका मेंढपाळानं त्याला हाक मारली. त्याच्याजवळ तांबूस कुत्रा होता, लांब तोंडाचा, बारीक कमरेचा. "आवं मामा, तुमी जाणकार. पाटलाच्या घरचा हाय ह्यो. पळतोय लय, पर बापाचा पत्ता न्हाई म्हणून कुणी मादी दावत न्हाई. कुणाचा आसंल?"

कुत्र्यानं डावा कान मागं टाकला आणि धुळ्याचा हात चाटला. वाऱ्याचं नाव धुळ्याच्या अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात समोरच्या चहाच्या पालात त्याला लालासाहेब दिसला. कपबशी हातात तशीच धरून तो इकडंच बघत होता.

धुळ्यानं ओला हात धोतराला पुसला.

"गावठी हाय," तो म्हणाला आणि चालू लागला.